नानांच्या हातांवर कॅमेरा

त्या हिवाळ्यात मी माणसांच्या तोंडाकडे बघायचं सोडून हातांकडे बघायला लागले. कॉलेजातले सर फळ्यावर लिहायला लागले की खडूच्या टोकाकडे, भाजीवाल्याने तराजू उचलला की त्याच्या मनगटाकडे, टेम्पोत दांडा धरून बसलेल्या म्हाताऱ्यांच्या बोटांकडे. कोणाचा हात स्थिर आहे आणि कोणाचा नाही, हे मी शिक्षणाधिकाऱ्याच्या कठोरपणाने तपासायची. याचं कारण माझ्या वडिलांचा, म्हणजे नानांचा, उजवा हात. तो हलायला लागला होता, आणि नाना घड्याळजी होते.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्यात गंमत वाटली होती. रविवारची सकाळ होती. नाना पेपर संपवून आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते. हात मांडीवर, आणि उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर हळूहळू फिरत होता, मनगटी घड्याळाला चावी देतात तसा. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हटलं, "आई, बघ तरी, नाना डुलकीत पण चावी भरून राहिलेत." आई पोहे परतत होती. ती हातात उलथनं घेऊन दारापर्यंत आली, तिने बघितलं, आणि ती हसली नाही. बराच वेळ ती तशीच उभी होती. पोहे खाली लागले. आईच्या हातून पोहे लागल्याचं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. त्या वासाने नानांनी डोळे उघडले, आम्हा दोघींना दारात उभं पाहिलं आणि हात पेपराखाली घातला.

मग दिसतच गेलं. नाना बशीतून चहा प्यायचे ते कपातून प्यायला लागले, तोही डाव्या हाताने. घरात कोट घालून बसू लागले आणि उजवा हात कोटाच्या खिशात राहू लागला. दुकानाहून यायला उशीर व्हायला लागला. दुरुस्तीला आलेली घड्याळं साठत होती, हे मला दारावर आलेल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींवरून कळायचं. आमचं घर तसं बोलकं होतं. आमटीत मीठ कमी पडलं तर तिघं मिळून त्यावर अर्धा तास सहज बोलायचो. पण या विषयावर कोणी अवाक्षर काढलं नाही. आई नानांना विचारत नव्हती, नाना आईला सांगत नव्हते, आणि मी दोघांच्या मध्ये जेवायला बसून एकदा या ताटाकडे, एकदा त्या ताटाकडे बघत घास गिळत होते. रात्री शेजारच्या खोलीतून आईच्या बांगड्या वाजल्या की मला वाटायचं, आता बोलेल. ती कूस बदलायची, बस.

भीती साधीच होती. ज्या घड्याळजीचा हात कापतो त्याच्याकडे आपलं घड्याळ कोण देईल? मनगटी घड्याळाच्या पोटात बाल-कमानी असते. केसासारखी बारीक, गोल गोल गुंडाळलेली. चिमट्याचा एक चुकार धक्का लागला की ती वाकडी होते, आणि मग ते घड्याळ आयुष्यभर खोटं बोलतं. नानांची सगळी अब्रू त्या केसाएवढ्या तारेवर लोंबकळत होती. पैशाचं आम्ही कसंतरी केलं असतं, आईला शिवणकाम यायचं. मला भीती होती ती नानांच्या रिकामपणाची. या माणसाला दुसरं काहीच येत नव्हतं. पत्ते नाहीत, देवळात जाणं नाही, राजकारणावर मत नाही. दिवाळीत दुकान दोन दिवस बंद असायचं तर दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना बारीक ताप यायचा. लोकांना कळलं की दुकान बंद, आणि दुकान बंद म्हणजे नाना त्या आरामखुर्चीत कायमचे, कोटाच्या खिशात हात घालून. या चित्राने मला घाम फुटायचा, डिसेंबरच्या थंडीत.

नाना दुकानात काय करतात, हे मात्र आम्हा दोघींपैकी कोणालाच दिसत नव्हतं. इंदूरच्या राजवाड्यामागच्या बोळातलं ते दुकान म्हणजे एक टेबल, एक काच आणि एक बाक. घरच्या बायकांनी तिथे जाऊन उभं राहणं आमच्याकडे बरं समजत नसत. मी कधी डबा द्यायला गेले तर नाना डोळ्यावरचं भिंग काढायचे, हत्यारं खाली ठेवायचे, हात टेबलाखाली घ्यायचे आणि म्हणायचे, "ठेव आणि जा, ट्रॅफिक वाढायच्या आत." मला वाटायचं, हात लपवतात म्हणजे कामही आता होत नाही. दोन आणि दोन मी चारच केले होते. चुकीचे दोन घेतले होते, एवढंच.

(आता माझ्या मनगटावर मुलाने पाठवलेलं घड्याळ आहे. फार वेळ बसले की ते मला उठून चालायला सांगतं, आणि चालले की शाबासकी देतं. नानांच्या हातून गेलेली घड्याळं कोणाला उपदेश करत नसत. विचारलं तर वेळ सांगायची, नाहीतर गप्प. मला अजून तसलीच माणसं आवडतात.)

दुकानातल्या त्या बाकावर रोज संध्याकाळी दोघं जण बसलेले असायचे. एक दिघे काका, वीज खात्यातून निवृत्त झालेले. ते आमच्या मराठी मंडळाचे सचिव होते, आणि हळदीकुंकवालासुद्धा 'सोहळा' म्हणायचे. दुसरे केसरीमलजी, सियागंज बाजारात त्यांचं खिळे, साखळ्या आणि कुलपांचं ठोक दुकान. दिघे काका बोलायचे, केसरीमलजी मान हलवायचे आणि नाना काम करायचे. ही मैफल माझ्या जन्माआधीपासून चालू होती. तिघांपैकी कोणी कोणाच्या घरी सहसा जात नसे, त्यामुळे नोव्हेंबरच्या एका सकाळी ते दोघं आमच्या दारात उभे राहिले तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी शिजतंय.

"वहिनी, नानांची एकसष्टी आपण हॉलमध्ये करायची," दिघे काका चपला काढायच्या आत म्हणाले. "घरगुती नाही. सोहळा. नागरी सत्कार."

"नागरिक किती येणार?" नानांनी विचारलं.

"तुम्ही मधे बोलू नका, तुम्ही उत्सवमूर्ती. पत्रिकेचा मजकूर तयार आहे. 'राजघराण्याच्या घड्याळतज्ज्ञांचे सुपुत्र...'"

इथे एक खुलासा करायला हवा. आमचे आजोबा राजवाड्यात होते, हे खरं. ते तिथल्या घड्याळांना दर सोमवारी चावी द्यायचे, हेही खरं. बंद पडलेलं घड्याळ उघडायची त्यांना परवानगी नव्हती. संस्थानं गेल्यावर आमच्या समाजात सगळ्यांचेच आजोबा थोडे थोडे मोठे झाले. कोणाचे फौजेतले शिपाई सरदार झाले, आमचे चावीवाले तज्ज्ञ.

"अरे, असली चीज तो बोलो, भिया," केसरीमलजी म्हणाले.

असली चीज अशी होती. मंचावर टेबल मांडायचं. नानांनी लोकांसमोर एक बंद घड्याळ उघडायचं, बाल-कमानीचं चाक काढून साफ करायचं, परत बसवायचं आणि घड्याळ चालू करायचं. दिघे काकांचा भाचा पप्पू लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचा. त्याचा कॅमेरा नानांच्या हातांवर, आणि कॅमेऱ्याला जोडलेले दोन मोठे टीव्ही मंचाच्या दोन बाजूंना, तोंडं लोकांकडे.

"मागच्या खुर्चीवाल्यालाही नानांची बोटं दिसली पाहिजेत," दिघे काका म्हणाले. "बोट न् बोट."

आईने चहाचा ट्रे तसाच खाली ठेवला. मी नानांकडे बघितलं. आता ते नाही म्हणतील, रागावतील, उठून जातील. नाना म्हणाले, "काम करून दाखवीन."

"वा!"

"पण ते झालं की मी घरी येणार. सत्कार-बित्कार काही नको. शाल पांघरून तासन्‌तास खुर्चीत बसवायचं नाही मला."

"हा तुमचा विनय..."

"कायचा विनय? सांगून राहिलो ना, बसवू नका."

दिघे काकांनी केसरीमलजींकडे बघितलं. केसरीमलजी छताकडे बघत होते. "ठीक आहे, ठीक आहे," दिघे काका म्हणाले. "सत्कार दोन मिनिटांत. शाल, श्रीफळ, खतम."

ते गेल्यावर आई भांडी घासायला बसली आणि स्वच्छ भांडी परत घासत राहिली. दुसऱ्या दिवशी नाना दुकानात गेल्यावर तिने मला बरोबर घेतलं आणि आम्ही दिघे काकांचं घर गाठलं. काकूंनी शेव आणि चहा पुढे केला. आईने शेवेला हात लावला नाही.

"भाऊजी, ते टेबलाचं राहू द्या ना," ती म्हणाली. "साठी उलटलेला माणूस. एवढ्या लोकांसमोर, दिव्यांच्या उजेडात. डोळ्यांना त्रास होईल."

"वहिनी, बाकी काही सांगा. टेबल तर राहायलाच पाहिजे."

"का पण?"

दिघे काका एरवी कोणत्याही प्रश्नाला तीन उत्तरं द्यायचे. त्या दिवशी त्यांनी बशीतला चहा फुंकला आणि म्हणाले, "लोकांनी बघायला पाहिजे, म्हणून."

मला तो माणूस त्या क्षणी राक्षस वाटला. आईने पदर सावरला आणि ती तडजोडीला आली. "मग ते थोडक्यात आटपा. आणि सत्कार नीट करा. भाषणं जास्त ठेवा."

इंदूरच्या मराठी समाजाच्या इतिहासात एखाद्या बाईने सचिवाकडे जाऊन जास्त भाषणांची मागणी करावी, हे त्यापूर्वी घडलं नसेल आणि नंतरही नाही. दिघे काकांचे डोळे पाणावल्यासारखे झाले. "पण नाना तर म्हणाले..."

"त्यांचं काय ऐकता? आपल्या तोंडाने कोणी सत्कार मागतो का?"

काका विचारात पडले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी चाललं होतं, ते मला तेव्हा वाचता आलं नाही. शेवटी त्यांच्यातल्या सचिवाने त्यांच्यातल्या मित्राला हरवलं. "माजी अध्यक्ष बोलायचं म्हणतच होते," ते हळूच म्हणाले. "आणि प्रमुख पाहुण्यांचीही बोलायची फार तयारी असते. ठीक आहे वहिनी. तुमची इच्छा आहे तर करू." परत येताना आईने माझा हात धरला होता. ती म्हणाली, "टेबलावर पाच मिनिटं. पाच मिनिटं देव सांभाळेल." एवढं बोलून तिने मला सगळं सांगितलं होतं, आणि मी फक्त "हो" म्हटलं.

एकसष्टीच्या सकाळी आईने कणकेचे एकसष्ट दिवे केले. न्हाणीघरातून नाना नवं धोतर नेसून आले आणि पाटावर बसले. ताम्हणात दिव्यांची दाटी झाली होती, सगळ्या खोलीला तुपाचा आणि जळक्या वातींचा वास. औक्षणाला बसलेल्या माणसाला हात कुठे ठेवावे हा प्रश्न पडत नाही, ते आपोआप मांडीवर असतात. नानांनी उजव्या मुठीत सुपारी गच्च धरली होती आणि डाव्या हाताने ती मूठ दाबून धरली होती, तुरीच्या पोत्याचं तोंड धरावं तशी. आईने ओवाळताना दिव्यांच्या वरून फक्त त्यांच्या कपाळाकडे बघितलं. दुपारी मुगाचा हलवा होता, भुट्ट्याचा कीस होता, पुऱ्या होत्या. नानांनी पुरीचे तुकडे डाव्या हाताने केले. आम्ही हलव्यात तूप जास्त झालंय का, यावर बोललो.

हॉलमध्ये आम्ही चारच्या आत पोचलो. पहिल्या रांगेत आई आणि मी. हॉल भरला होता. नानांनी निम्म्या शहराच्या लग्नातली घड्याळं कधी ना कधी उघडली होती, आणि शिवाय पत्रिकेत अल्पोपाहाराचा उल्लेख होता. दोन टीव्ही स्टुलांवर उभे केले होते. प्रमुख पाहुणे कोणी निवृत्त अधिकारी होते. त्यांचा घड्याळांशी कळेल असा संबंध एकच, ते उशिरा आले. दिघे काकांनी पप्पूला खांद्याला धरून सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं, "काही झालं तरी कॅमेरा हातांवरून हलला नाही पाहिजे. समजलं का?" पप्पू म्हणाला, "टेंशन मत लो, मामा."

मग नाना टेबलाशी बसले. पप्पूने मोठा दिवा लावला. टीव्हीवर एक पांढरा रुमाल दिसला, त्यावर उघडं घड्याळ, चिमटा, स्क्रू काढायचा पेचकस, ब्रश. कोटाच्या खिशातून उजवा हात निघाला आणि टीव्हीच्या चौकटीत आला, आणि मी पाहिलं, तो हलत होता. आईची बोटं माझ्या गुडघ्यात रुतली. मी ठरवलं होतं की डोळे मिटीन, पण मिटता येईनात. त्या हाताने चिमटा उचलला.

आणि थांबला.

हळूहळू नव्हे, कोणी हाक मारल्यावर पोरगं खेळ सोडून उभं राहतं तसा थांबला. नानांनी स्क्रू काढले, तिळाएवढे, रुमालाच्या कडेला ओळीने मांडले. चिमट्यात चाक उचललं, तेव्हा त्याच्याखाली बाल-कमानी लोंबताना दोन्ही टीव्हींवर दिसली आणि लोक "अरे वा" म्हणाले. तिच्या वेटोळ्यांमध्ये कसलाही थरथराट नव्हता, चाकाच्या वजनाने होते ते हेलकावे तेवढे. पेट्रोलमध्ये बुडवलं, फुंकर मारली, परत जागेवर नेलं. नानांचं नेहमीचं काम जरा संथ झालं होतं, पण चुकत नव्हतं. शेवटचा स्क्रू बसला, चाकाने एकदा विचार केल्यासारखं केलं आणि ते चालायला लागलं. टाळ्या पडल्या. नानांनी घड्याळ कानाला लावलं, कारण डोळ्यांवर त्यांचा पूर्ण विश्वास कधीच नसे, आणि मान हलवली. आई रडत होती. "बघितलंस?" ती म्हणाली. "काही नाही झालं. काही सुद्धा नाही झालं." मला वाटलं, गेले सगळे महिने आम्ही दोघी वेड्या होतो.

नाना उठले. हत्यारं खिशात टाकून ते थेट मंचाच्या पायऱ्यांकडे निघाले. दिघे काकांनी त्यांना अर्ध्या वाटेत धरलं. त्यांच्यात काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण नानांनी एकदा खाली आमच्याकडे बघितलं. ती नजर मला अजून आठवते. घाबरलेली होती. टेबलाशी बसताना त्यांच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं.

टेबल हलवलं गेलं आणि त्या जागी लग्नातल्या नवऱ्यामुलाची लाल मखमलीची, सोनेरी हातांची खुर्ची आली. नानांना तीत बसवलं. पगडी घातली, शाल पांघरली. नारळ दिला, फोटो निघाला, आणि एका उत्साही कार्यकर्त्याने तो नारळ परत घेऊन बाजूच्या टेबलावर ठेवला. नानांचे दोन्ही हात रिकामे झाले. खुर्चीचे हात इतके रुंद होते की माणसाला आपले हात त्यांवर पसरूनच ठेवावे लागत. कोटाचा खिसा शालीखाली गेला होता. माजी अध्यक्ष बोलायला उभे राहिले.

पप्पूला कोणी सांगितलं नव्हतं की काम संपलं. कॅमेरा हातांवर होता.

माजी अध्यक्ष संस्थानाच्या वैभवाशी पोचले असतील, तेव्हा टीव्हीवरचा अंगठा फिरायला लागला. माझ्या मागे एक बाई कौतुकाने म्हणाल्या, "बघा, बसल्या बसल्या चावी देऊन राहिलेत. सवय!" त्यांच्याभोवती लोक हसले. मी पहिल्यांदा हसले होते तसेच. मग आणखी एक वक्ते झाले, नंतर आणखी एक. आईने मागितलेलं एकेक भाषण तिच्यासमोर येऊन उभं राहत होतं. प्रत्येक वक्ता नानांची स्तुती करायचा आणि स्तुतीबरोबर हाताचं हलणं वाढत जायचं. आधी अंगठा, मग बोटं, मग पंजा. नाना शाल ओढून हात झाकायचे, ती सरकायची. ते स्वतः टीव्ही बघू शकत नव्हते, पण लोकांचे चेहरे बघू शकत होते. प्रमुख पाहुणे उठले. त्यांची पाठ टीव्हींकडे होती. त्यांनी माईक जवळ ओढला आणि म्हणाले, "मित्रहो, या हातांकडे पाहा. पर्वतासारखे स्थिर हात!"

सगळ्यांनी पाहिलं. दोन टीव्हींवर, गादीएवढा मोठा, पंजा मखमलीवर आपटत होता. हसू कोणालाच आलं नाही. मागून एका पुरुषाचा हलका आवाज आला, "बाजारात म्हणत होते ते खरंच आहे मग."

म्हणजे बाजारात म्हणत होते. आई अर्धवट उठली, कुठे जायचं ते न कळून तशीच राहिली. दिघे काका माईकच्या बाजूला पुतळ्यासारखे उभे. मी उठून पप्पूच्या वायरवर पाय द्यावा, दिवा पाडावा, हॉलला आग लावावी, असं मला वाटत होतं, आणि मी जागची हलले नाही.

तेव्हा दुसऱ्या रांगेतून केसरीमलजी उठले. त्यांना भाषण करायचं नव्हतं, त्यांनी आयुष्यात भाषण केलं नव्हतं. ते पायऱ्या चढताना आपल्या मनगटावरचं घड्याळ सोडत होते. प्रमुख पाहुण्यांच्या समोरून, त्यांना नमस्कार-चमत्कार न करता, ते खुर्चीपाशी गेले आणि ते घड्याळ नानांच्या हलत्या पंजात ठेवलं.

"नाना, जरा देखना इसको. सुबह से रुक-रुक के चल री है."

नानांनी ते कानाला लावलं. "चांगलं चालून राहिलंय."

"अरे, खोल के तो देखो, भिया."

नानांनी त्यांच्याकडे बघितलं. मग शालीतून दुसरा हात काढला, पगडी मागे सरकवली, भिंग डोळ्यावर बसवलं, खिशातून पातं काढलं आणि मांडीवरच्या शालीच्या घडीवर ते घड्याळ ठेवून त्याचं झाकण उघडलं. दोन्ही टीव्हींवर तो पंजा थांबला. पाच-सहाशे डोळ्यांदेखत. कोणीतरी एकदम म्हणालं, "थांबला!" आणि शेजाऱ्याने त्याला "श्श" केलं. नानांनी त्या निरोगी घड्याळाचे स्क्रू काढायला सुरुवात केली. सगळा हॉल श्वास धरून टीव्हींकडे बघत होता. प्रमुख पाहुण्यांना एवढी शांत सभा कधी मिळाली नसावी. त्यांनी ती आपलीच समजून भाषण लांबवलं. नानांनी चाक परत बसवलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि पाहुणे वाक्याच्या मध्यावर थांबून दोन्हीकडे वाकले.

कचोरीच्या बश्या फिरत असताना दिघे काकांनी आईला खांबाआड गाठलं. "वहिनी, बाजारात कुजबुज सुरू झाली होती. नानांचा हात गेला म्हणून. आम्ही तर रोज बघतो ना, कामाला बसले की थांबतो. रिकामे बसले की हलतो. म्हणून तर टेबल! लोकांनी एकदा आपल्या डोळ्यांनी बघावं आणि तोंडं बंद करावी. आणि तुम्ही येऊन भाषणं मागितली."

"मग तेव्हाच सांगायचं नाही?"

"आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीतच नाही."

आईने हातातली कचोरी तशीच बशीत ठेवली.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. नानांनी पगडी टेबलावर ठेवली, कोट काढला आणि खुंटीला अडकवला. गेल्या कित्येक दिवसांत त्यांनी घरात कोट काढला नव्हता. ते आरामखुर्चीत बसले आणि हात उघडा मांडीवर ठेवला. तो हलायला लागला. त्यांनी तो झाकला नाही.

"तुम्ही डॉक्टरांकडे गेला होतात," आई म्हणाली. ती विचारत नव्हती.

"केसरीमल घेऊन गेले होते. राखीच्या सुमारास."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, काम करताना थांबतो हे चांगलं आहे. सध्या."

"सध्या?"

"सध्या," नाना म्हणाले.

मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. हॉलमध्ये जी भीती वाटली होती तिला निदान चेहरे होते, आवाज होता. ही वेगळी होती. ती त्या एका शब्दात होती आणि तिला कुठे संपायचं ते ठरलेलं नव्हतं. (पुढे ती किती वर्षं टिकली, शेवटी नानांच्या हाताचं कामातलं थांबणंही कसं गेलं, हे सगळं मला आता माहीत आहे. पण त्या संध्याकाळी माहीत नव्हतं, आणि न कळण्याची भीती कळण्यापेक्षा हलकी असते, असं जे म्हणतात त्यांनी ती कधी अनुभवलेली नसावी.)

नानांची नखं धोतराच्या काठावर घासल्याचा बारीक आवाज येत होता. आई उठून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती परत आली ती मटारची टोपली आणि एक परात घेऊन. तिने टोपली नानांच्या पायाशी ठेवली, परात त्यांच्या मांडीवर दिली आणि शेंगांची एक ओंजळ त्या हलत्या हातासमोर धरली. नानांनी जन्मात स्वयंपाकघरातल्या कशाला हात लावला नव्हता. त्यांनी एक शेंग उचलली, उजेडाकडे धरून तिची शिवण शोधली आणि नखाने उघडली. हात थांबला होता. दाणे परातीत पडले, टप टप. त्यांनी दुसरी घेतली. ते घाई करत नव्हते, एकेक दाणा सोडवत होते, आतला किडका निवडून वेगळा ठेवत होते.

"बारीक आहेत," ते म्हणाले.

"उद्या उसळ करते," आई म्हणाली.

मी टोपलीकडे बघत होते. शेंगा कमी होत चालल्या होत्या. तळाची वेताची वीण दिसायला लागली. आईलाही ती दिसली असावी. तिने मान न वळवता मला म्हटलं, "मंजू, कोपऱ्यावरचा भाजीवाला जायच्या आत दोन किलो घेऊन ये."

घरात होते तेवढे मटार तिघांना आठवडाभर पुरले असते. मी चपला पायात सरकवल्या आणि पळत सुटले.